न बुडणारं ॲल्युमिनियम: एका नक्षीच्या जागेचं प्रकरण

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातून बातमी आली की चुनलेई गुओ यांच्या प्रयोगशाळेनं न बुडणारा धातू तयार केला आहे. न बुडणाऱ्या जहाजांची चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला. मला हे प्रकरण त्या मथळ्यापेक्षा पुष्कळ मोलाचं वाटतं. लेसरनं धातूवर पाणी न टिकणारी नक्षी कोरणं या प्रयोगशाळेला काही वर्षं आधीच जमलेलं होतं. ती नक्षी वापरात टिकवायची कशी, हे कोडं मात्र सुटलेलं नव्हतं. २०१९ च्या कामात नक्षी कशी कोरायची यापेक्षा ती कुठं ठेवायची याचं उत्तर सापडलं, आणि ते उत्तर पाण्याखाली राहणाऱ्या एका आठ पायांच्या कोळ्याकडून आलं. निसर्गाकडून शिकणं म्हणजे नेमकं काय आणि किती शिकणं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पानावरून धातूवर

सुरुवात अळूपासून करू. पावसाळ्यात अळूच्या पानावर पडलेलं पाणी पानाला चिकटत नाही. त्याचा गोळा होतो, वाऱ्यानं पान हललं की तो घरंगळतो, आणि जाताना पानावरची धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानाचंही तेच. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली याचा सविस्तर अभ्यास छापला. त्यांनी तपासलेल्या पानांत कमळाबरोबर अळूही होता. सूक्ष्मदर्शकाखाली ही पानं गुळगुळीत दिसत नाहीत. कमळाच्या पानावर काही मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे उंचवटे असतात आणि त्या प्रत्येक उंचवट्यावर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं जंगल असतं. पाण्याचा थेंब त्या टोकांवर टेकतो, टोकांमध्ये हवा अडकून राहते, आणि थेंबाचा बराचसा तळ प्रत्यक्षात हवेवर बसलेला असतो.

थेंब पृष्ठभागाला कोणत्या कोनात भेटतो यावरून त्या पृष्ठभागाचा स्वभाव कळतो. हा स्पर्शकोन ९० अंशांहून जास्त असला की पृष्ठभाग पाणी नाकारतो, आणि १५० अंशांच्या वर गेला की थेंब जवळजवळ पूर्ण गोल होतो. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर केवळ रसायनाच्या जोरावर हा कोन सुमारे १२० अंशांपुढे नेता येत नाही, मग तुम्ही कोणतंही रसायन फासा. पुढचे ३० अंश मिळवायचे तर पृष्ठभाग खडबडीतच करावा लागतो. खडबडीतपणात अडकलेली हवा काय करते याचं गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्येच मांडलं होतं. अळूनं ते त्याच्या कितीतरी आधी वापरात आणलं होतं.

धातूवर अशी रचना काढायची तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वरून लेप देणं. तो स्वस्त असतो, पण सोलला जातो. दुसरा म्हणजे धातूच्या अंगातच रचना कोरणं. गुओंची प्रयोगशाळा दुसऱ्या मार्गानं गेली, आणि तिचं हत्यार होतं फेम्टोसेकंद लेसर.

एका सेकंदाचा अब्जावा भाग घ्या आणि त्याचे पुन्हा दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. या प्रयोगशाळेच्या अनेक प्रयोगांत वापरलेले प्रकाशस्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, ६५ फेम्टोसेकंदांचे आहेत. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम २० मायक्रोमीटर पुढे सरकतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्या आखूड स्पंदाचा फायदा असा, की ऊर्जा आधी धातूतले इलेक्ट्रॉन घेतात आणि ती अणूंपर्यंत पोचायला काही पिकोसेकंद, म्हणजे काही हजार फेम्टोसेकंद, लागतात. तोवर स्पंद संपून गेलेला असतो. उष्णता आजूबाजूला पसरून काठ वितळण्याआधीच वरचा थर उडून जातो. लांब स्पंदांच्या लेसरनं कोरलेल्या खाचेच्या कडेला वितळून थिजलेला धातू दिसतो. इथं खाच त्या मानानं स्वच्छ मिळते. शिवाय खाचेच्या भिंतींवर आपोआप आणखी बारीक, नॅनोमीटरच्या (मायक्रोमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाची खरखर तयार होते. कमळाच्या पानावरची दुमजली रचना, आधी मोठे उंचवटे आणि त्यावर सूक्ष्म जंगल, एकाच फेरीत हाती येते. मला या तंत्रात सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. खालचा मजला माणूस आखतो, वरचा मजला पदार्थ स्वतःहून रचतो.

इथं रसायनाचा एक मुद्दा सांगायला हवा, कारण तो बहुतेक लोकप्रिय लेखांत गाळला जातो. लेसर नुकताच फिरलेला धातू बहुधा पाणी झिडकारत नाही. उलट तो पाणी पसरवून घेतो, कारण ताज्या ऑक्साइडला पाण्याची ओढ असते. हवेत काही दिवस किंवा आठवडे राहिल्यावर त्यावर हवेतली कार्बनी संयुगं बसतात आणि मग तोच पृष्ठभाग पाणी नाकारू लागतो. खडबडीतपणा कोणत्याही बाजूचा नसतो. पृष्ठभागाचा जो मूळ कल असेल तो खडबडीतपणामुळे टोकाला जातो. म्हणूनच याच प्रयोगशाळेनं २००९ मध्ये धातूच्या उभ्या पत्र्यावर पाणी गुरुत्वाच्या विरुद्ध वर चढवून दाखवलं, आणि २०२० मध्ये सूर्याच्या उष्णतेनं पाणी शुद्ध करणारा काळा ॲल्युमिनियमचा पत्रा बनवला, ज्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आपणहून वर सरकतो. लेसर तोच, पण वागणूक अगदी विरुद्ध.

२०१५: सगळं जमलं, आणि तरीही

जानेवारी २०१५ मध्ये अनातोली व्होरोब्येव्ह आणि गुओ यांनी प्लॅटिनम, टायटॅनियम आणि पितळ या तीन धातूंवर कोरलेले पाणी झिडकारणारे पृष्ठभाग जाहीर केले. आकडे थक्क करणारे होते. टेफ्लॉनच्या पृष्ठभागावरून थेंब घसरायला तो सुमारे ७० अंश तिरका करावा लागतो. या धातूंना ५ अंशांहूनही कमी कल पुरला. वरून सोडलेला थेंब उसळून परत वर जायचा. व्हॅक्यूम क्लीनरमधली धूळ पसरून वर पाणी सोडलं तर अर्धीअधिक धूळ पहिल्या तीन थेंबांनी उचलली आणि डझनभर थेंबांत पृष्ठभाग स्वच्छ झाला. वर तोच पृष्ठभाग प्रकाशही भरपूर शोषत होता, त्यामुळे काळा दिसत होता.

मग हे पृष्ठभाग आपल्या नळांवर, भांड्यांवर, होड्यांवर लगेच का आले नाहीत?

पहिलं कारण वेळेचं. एक इंच लांब, एक इंच रुंद तुकडा कोरायला त्या वेळी एक तास लागत होता. साधा हिशेब केला तर १० चौरस मीटरच्या पत्र्याला १५ हजारांहून अधिक तास, म्हणजे लेसर अखंड चालू ठेवला तरी जवळपास पावणेदोन वर्षं. लेसर जोरदार होत जातील, स्कॅनर वेगवान होतील, म्हणून हे कारण हळूहळू सैल पडणार हे उघड होतं. २०१९ पर्यंत प्रयोगशाळेकडे सातपट शक्तीचे लेसर आले आणि स्कॅनिंगचा वेगही वाढला.

दुसरं कारण जास्त खोल आहे. कमळाचं पान घासलं गेलं तर ते नवं मेण तयार करतं. पान जिवंत असतं, त्याची डागडुजी चालू असते, आणि एक पान संपलं तर दुसरं येतं. धातूवर कोरलेले सूक्ष्म सुळके एकदा मोडले की मोडले. रेतीचे कण, घासणी, हाताचा स्पर्श, तेलाचा ओशट थर, यांतलं काहीही त्यांना पुरेसं आहे. आणि जिथं घासलं जाणार नाही तिथं, म्हणजे पाण्याखाली, वेगळाच त्रास. खाचांत अडकलेली हवा सावकाश पाण्यात विरघळते, खोली वाढली की दाब वाढतो, आणि पाणी खाचांत शिरलं की धातू ओला होतो. एकदा भिजलेला असा पृष्ठभाग पाण्यातच राहिला तर सहसा आपोआप कोरडा होत नाही.

आपण पानाची नक्कल केली, पण पानाच्या जिवंतपणाची नक्कल करता आली नाही. निसर्गापासून घेतलेल्या कल्पनांवर लिहिताना ही गोष्ट फार सहज विसरली जाते. आकार उचलता येतो. तो आकार टिकवणारी व्यवस्था मागेच राहते.

कोळी आणि मुंग्या

अर्जिरोनेटा अक्वाटिका नावाचा कोळी युरोपात आणि उत्तर आशियात संथ गोड्या पाण्यात राहतो. जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली काढणारा हा एकमेव ज्ञात कोळी. त्याला कल्ले नाहीत, तो हवेवरच जगतो. पाण्याखालच्या वनस्पतींमध्ये तो रेशमाचं घुमटासारखं जाळं विणतो, मग पृष्ठभागावर येऊन पोटाभोवतीच्या केसांत हवेचा बुडबुडा पकडतो आणि खाली नेऊन त्या घुमटात सोडतो. केस पाणी झिडकारतात म्हणून हवा सुटत नाही. २०११ मध्ये रॉजर सीमूर आणि स्टेफान हेट्झ यांनी मोजून दाखवलं की हा घुमट नुसती हवेची टाकी नाही. आतला ऑक्सिजन कमी झाला की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आत येतो, त्यामुळे शांत बसलेला कोळी एक दिवसाहून जास्त वर न येता राहू शकतो. नायट्रोजन मात्र हळूहळू बाहेर जातो, बुडबुडा लहान होत जातो, आणि म्हणून कधीतरी नवी हवा आणावीच लागते.

दुसरं उदाहरण सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा या लाल मुंग्यांचं. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या मुंग्या आता अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरल्या आहेत. पुरात वारूळ बुडालं की हजारो मुंग्या पाय आणि जबडे एकमेकींत अडकवून तराफा बनवतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या नेथन म्लॉट, क्रेग टोव्ही आणि डेव्हिड हू यांनी २०११ मध्ये दाखवलं की एकटी मुंगी जेवढं पाणी नाकारते त्यापेक्षा हा विणलेला तराफा जास्त नाकारतो. तराफा खाली दाबला तरी मुंग्यांच्या मधली हवा अडकून राहते, त्यामुळे तळाच्या मुंग्याही बुडत नाहीत.

या दोन्हींत एक गोष्ट समान आहे आणि ती कमळात नाही. कमळाच्या पानावर हवेचा थर केवळ पृष्ठभागापुरता असतो. कोळी आणि मुंग्या पाणी झिडकारणारे अनेक पृष्ठभाग एकमेकांसमोर आणून त्यांच्या मधोमध हवेचा मोठा साठा बंदिस्त करतात. हवा पृष्ठभागाला चिकटलेली राहण्याऐवजी पृष्ठभागांच्या मध्ये कोंडली जाते. गुओंच्या चमूनं नेमकं हेच उचललं.

नक्षी आत वळवली

रचना सांगायला दोन वाक्यं पुरतात. ॲल्युमिनियमच्या दोन समांतर चकत्या मधल्या एका खांबानं जोडलेल्या, त्यांच्या फक्त आतल्या, समोरासमोरच्या बाजूंवर लेसरची नक्षी. बाहेरून साधा पत्रा, आत पाणी न शिरणारी फट.

यातून नक्षीच्या पहिल्या शत्रूचा, घासण्याचा, प्रश्न जवळजवळ मिटला. बाहेरची बाजू कितीही खरवडली तरी तिचं काम तरंगण्यात नव्हतंच. दुसऱ्या शत्रूला, म्हणजे पाण्याखाली हवा निसटण्यालाही, बराच आळा बसला, कारण आता खाचांतल्या मायक्रोमीटरभर हवेवर सगळा भार नव्हता. मधल्या फटीत तिच्या मानानं खूप मोठा साठा होता.

फट किती असावी, हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. समजा अर्धा मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे आहेत. एक चौरस सेंटिमीटर भागात दोन्ही मिळून वजन ०.२७ ग्रॅम. तरंगायचं तर तेवढ्याच वजनाचं, म्हणजे ०.२७ घनसेंटिमीटर, पाणी बाजूला सारलं पाहिजे. पत्रे स्वतः ०.१ घनसेंटिमीटर सारतात, उरलेलं ०.१७ हवेनं सारायचं. म्हणजे फट किमान १.७ मिलिमीटर हवी. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर उघड्या कडेनं पाणी आत येऊ न देण्याचं काम पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखं वागवणारी ओढ, करतो, आणि त्याची ताकद काही मिलिमीटरपर्यंतच पुरते. फट त्याहून रुंद झाली की गुरुत्व जिंकतं आणि पाणी आत घुसतं. एक मिलिमीटरचा पत्रा घेतला तर फट ३.४ मिलिमीटर लागेल, म्हणजे मर्यादेच्या बरंच जवळ. अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याला जवळपास ७ मिलिमीटर लागेल, आणि तिथं हा डाव फसेल. पोलाद वापरायचंच तर ते पातळ पानासारखं हवं.

हा हिशेब माझा आहे आणि ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धातू हलका झालेला नाही. ‘न बुडणारा धातू’ म्हणणं म्हणजे रचनेचं श्रेय पदार्थाला देणं. लेसरनं कोरलेला एकटा पत्रा पाण्यावर अलगद ठेवला तर पृष्ठताणावर तरंगेल, पण खाली दाबला तर बुडेल. तरंगते ती दोन पत्रे आणि मधली हवा यांची जोडी.

दोन महिने पाण्याखाली

चाचण्यांत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ही जोडी वजन ठेवून दोन महिने पाण्याखाली दाबून ठेवली आणि वजन काढताच ती लगेच वर आली. कोळ्याला ठरावीक काळानं हवा आणावी लागते. इथं आणणारं कोणी नव्हतं आणि तरीही साठा पुरला. फटीतली हवा जास्त आणि पाण्याशी तिचा संपर्क फक्त कडेपुरता, म्हणून गळती मंद. खाचांतल्या हवेची गोष्ट उलट असते: हवा थोडी आणि पाण्याशी संपर्क सगळीकडून. आत वळवलेल्या नक्षीचा फायदा इथं दुसऱ्यांदा दिसतो.

दुसरी चाचणी भोकांची. जोडीला ३ मिलिमीटर व्यासाची सहा भोकं आणि ६ मिलिमीटरचं एक भोक पाडलं, तरी ती तरंगतच राहिली. नेहमीची पोकळ रचना, मग ते पिंप असो की बोया, एका भोकानं निकामी होते, कारण पाणी आत शिरतं आणि हवा बाहेर जाते. इथं भोकाच्या तोंडाशीच पृष्ठताण पाण्याला अडवतो. ३ मिलिमीटरच्या भोकातून, काठ न भिजणारे असतील तर, पाणी आत ढकलायला साधारण एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या वस्तूला हे संरक्षण पुरेसं ठरतं. भोक जितकं मोठं तितकं हे संरक्षण दुबळं, त्यामुळे जहाजाला पडलेल्या मीटरभर भगदाडाशी याची तुलना करणं चूक आहे. जहाजाचं संरक्षण करायचं तर अशा असंख्य छोट्या जोड्या एकत्र बांधाव्या लागतील, आणि मग काही फुटल्या तरी बाकीच्या उचलून धरतील. मुंग्यांचा तराफा तसाच चालतो.

संशोधकांनी सुचवलेले उपयोग असे: छिद्रं पडूनही तरंगणारी जहाजं, फाटल्यावरही चालणारी अंगावरची तरंगसाधनं, आणि समुद्रात दीर्घकाळ राहणारी निरीक्षण-उपकरणं. या तिन्हींत मला शेवटचं सर्वांत वास्तव वाटतं. उपकरण लहान असतं, त्यामुळे कोरायचं क्षेत्रफळही कमी. ते हरवण्याची किंमत मात्र मोठी असते. लेसरचा महागडा तास अशाच ठिकाणी परवडतो.

कलंडली तर?

या रचनेची एक कमजोरी चित्र पाहताच लक्षात यावी. जोडी आडवी असेल तोवर तिची सगळी कड जवळजवळ एकाच खोलीवर असते. ती उभी केली की कडेचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यावरच्या दाबात फरक पडतो. तो फरक जोडीच्या उंचीबरोबर वाढतो, आणि पृष्ठताण जेवढा सांभाळू शकतो त्याहून जास्त झाला की खालून पाणी शिरतं आणि वरून हवा निसटते. समुद्रात लाटा आहेत. आडवं राहण्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

यावरचा त्याच प्रयोगशाळेचा पुढचा उपाय म्हणजे नळ्या. चकत्यांऐवजी त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या आतल्या बाजूला नक्षी कोरली आणि नळीच्या मधोमध एक पडदा घातला. नळी उभी पाण्यात खुपसली तर पडद्याच्या खालचा भाग उलटा धरून पाण्यात दाबलेल्या तांब्यासारखा वागतो: हवेला वर जायला वाटच नाही. पडद्याच्या वरच्या भागात नळीचं तोंड अरुंद आणि आतली भिंत न भिजणारी, म्हणून वरून पाणी ओघळत नाही. पडदा नसता तर खालून पाणी चढलं असतं आणि हवा वरच्या तोंडातून निघून गेली असती. मला हा पडदा नक्षीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो बसवायला लेसर लागत नाही. जवळपास अर्धा मीटर लांबीपर्यंतच्या नळ्या त्यांनी वापरल्या, खडतर परिस्थितीत आठवड्यानुआठवडे ठेवून पाहिल्या, त्यांना भोकं पाडली, आणि अनेक नळ्या जोडून तराफेही केले. अशा तराफ्यांनी लाटांपासून वीज मिळवता येईल, असाही त्यांचा प्रस्ताव आहे.

नळीत आणखी एक फायदा दडलेला आहे. चकत्यांच्या जोडीत सगळी कड उघडी असते. नळीत फक्त दोन तोंडं. हवा आणि पाणी यांचा संपर्क आणखी कमी झाला. नक्षीची जागा तीच, आत, पण दारं कमी केली.

याच अडचणीची दुसरी वाट

नक्षी आत वळवणं सगळीकडे शक्य नसतं. काचेचा पृष्ठभाग, सौर पॅनेल, विमानाचा पंख, यांना बाहेरच काम करायचं असतं. तिथं काय करायचं याचं एक चांगलं उत्तर जून २०२० मध्ये चीनमधले शू डेंग, फिनलंडमधले रॉबिन रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी पृष्ठभागावर आधी मायक्रोमीटरच्या मापाची मजबूत चौकट केली, उलट्या पिरॅमिडच्या आकाराच्या खळग्यांची, आणि पाणी झिडकारणारी नाजूक नॅनोरचना त्या खळग्यांच्या आत ठेवली. घासणारी वस्तू चौकटीच्या कडांवर अडते. खळग्यात ती पोचतच नाही. लेखात त्यांनी याला चिलखत म्हटलं.

बाहेरून पाहता रॉचेस्टरची नळी आणि हे चिलखत यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. माझ्या मते दोन्हींमागे एकच विचार आहे: नाजूक भाग कणखर करण्याच्या मागे न लागता त्याला ओझं आणि घर्षण यांच्या वाटेतून बाजूला काढायचं. एकात हे मिलिमीटरच्या मापावर झालं, दुसऱ्यात मायक्रोमीटरच्या. ही दुसरी वाट रोजच्या वस्तूंकडे जास्त सहज येईल असं वाटतं, कारण चौकट छापून किंवा साच्यात दाबूनही काढता येते. वेगाच्या बाबतीत लेसरवालेही थांबलेले नाहीत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये आंद्रेस लासाग्नी यांचा गट लेसरचे दोन किंवा जास्त झोत एकमेकांवर आणतो आणि त्यांच्या व्यतिकरणातून, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून कुठं जोर वाढण्यातून आणि कुठं मावळण्यातून, उमटणारे पट्टे एकाच स्पंदात, एकदम अनेक ओळींत कोरतो. एक एक ओळ ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी भराभर होतं.

आपल्याकडे कोणी कारखानदार किंवा विद्यार्थी या तंत्राकडे वळणार असेल, तर स्पर्शकोन किती आला हे विचारण्यात फार वेळ घालवू नये. १५० अंशांच्या वरचा आकडा आज पुष्कळ पद्धतींनी मिळतो आणि प्रयोगशाळेत ताज्या नमुन्यावर तो छानच येतो. विचारायचं ते हे: किती वेळा घासल्यावर तो आकडा किती उरला, किती खोलीवर किती दिवस ठेवल्यावर हवा शिल्लक राहिली, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या खाचा गंजल्या का, तेलकट हात किंवा साबणाचं पाणी लागलं तर काय झालं. साबणाचा प्रश्न तर जरूर विचारावा. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहूनही खाली आणतो, आणि वर केलेला सगळा हिशेब, फटीचा, भोकाचा, नळीच्या तोंडाचा, पृष्ठताणावरच उभा आहे. बंदरातल्या तेलाच्या तवंगात किंवा सांडपाणी मिसळलेल्या खाडीत ठेवायची वस्तू असेल, तर तिची चाचणी तिथल्याच पाण्यात व्हायला हवी. नळाच्या पाण्यात काढलेला निकाल तिथं लागू पडेल असं गृहीत धरता येणार नाही.